चौथा माणूस कुठून आणायचा?

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी साडेसात एचपीच्या सबमर्सिबलचा वाइंडिंग डेटा मागणारे वाचक एकच गाऱ्हाणं लिहू लागतात: हाताखाली पोरगं मिळत नाही. आणे पठारापासून घोडेगावपर्यंत तीच रड. गाळा आहे, काम आहे, उन्हाळ्यात तर जळालेले स्टेटर ठेवायला जागा उरत नाही. पण लेदरॉइड कापायला बसवलेला पोरगा दिवाळीपर्यंत टिकत नाही. बाप येऊन सांगतो, ‘इंजिनिअरिंगला टाकतोय त्याला.’

या गाऱ्हाण्याला आता विद्यावेतनाचं निमित्त मिळालं आहे. केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने मे २०२५ मध्ये ३६ टक्के वाढीची शिफारस केली. ५,००० ते ९,००० रुपयांची पट्टी त्यामुळे ६,८०० ते १२,३०० वर जाते. तेव्हापासून वाचक विचारताहेत, एवढे पैसे आम्ही आणायचे कुठून? त्यांना सांगायला हवं की तुमच्याकडे कोणी मागितलेलेच नाहीत. २०१९ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक. चाराच्या खाली तुम्ही हिशेबातच नाही.

आता आपली दुकानं मोजा. मालक, एक कारागीर, एक हरकाम्या. मालकाला धरूनही तीन डोकी. आळेफाट्यापासून बेल्ह्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जेवढे वाइंडिंगवाले आहेत, त्यातल्या बहुतेकांची हीच गत. म्हणजे कुकडीच्या पट्ट्यातल्या मोटारी जिथे खरोखर बांधल्या जातात, ग्राऊलर आणि मेगर जिथे रोज हातात असतो, तिथे धंदा शिकवायला कायद्याने जागा नाही. शिकवायचं तर आधी चौथा माणूस पगारावर ठेवा. चौथा म्हणूनच तर शिकाऊ हवा होता ना! पण शिकाऊ हा कामगार नव्हे, असं शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ पासून सांगतो, त्यामुळे तो मोजणीत धरायचा नाही. विहिरीत पाणी आलं की मगच पंप बसवायची परवानगी, आणि पंपाशिवाय विहीर उपसायची नाही, असला हा प्रकार.

गंमत म्हणजे दुकानं आणि आस्थापनांचा राज्याचा २०१७ चा कायदा हेच लहानपण कौतुकाने घेतो. मोजके कामगार असतील तर नोंदणीची कटकट नको, नुसती सूचना द्या, असं तो म्हणतो. उद्यम नोंदणीलाही एक माणूस पुरतो. फक्त शिकवायला चार लागतात. आपल्या जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख पाहा. कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणींकडे पैसे ठेव म्हणून दिल्याची नोंद तिथे दगडात कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी लोक कारागिरांच्या संघाकडे कायमची ठेव ठेवत होते. आज त्याच तालुक्यातल्या कारागिराकडे एक पोरगा ठेवायला सरकार कचरतं.

तिकडे पदवीवाल्यांची उलटी हालचाल चालू आहे. पदवी आता चार वर्षांची होते आहे, आणि पदवीच्या अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी घालायची म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. महाविद्यालयं कारखान्याकडे निघाली आहेत. ती वर्कशॉपपर्यंत येतील तेव्हा दारावर ‘तीन माणसं, अपात्र’ असं लिहिलेलं असेल.

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून हा अंक बंद करता येणार नाही. ज्यांच्याकडे चार-पाच माणसं आहेत, त्यांनी तरी काय केलं? राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार थेट मुलाच्या खात्यात भरतं. किती जणांनी शिकाऊ उमेदवारीचं काम पाहणाऱ्या बीटीआरआयच्या कचेरीत जाऊन चौकशी केली? आपल्याला पोरगं हवं असतं ते रोखीत, वहीबाहेर. सहा महिन्यांत ते तीन एचपीची मोटार एकट्याने बांधू लागतं, पगाराचं विचारलं की ‘अजून शिकतोयस ना?’ दोन वर्षांनी अनुभवाचा दाखला मागितला की ‘दाखला कशाला, तुझा हातच तुझा दाखला.’ हात बँकेत गहाण ठेवता येत नाही आणि अर्जाला जोडताही येत नाही. अशा घरातल्या बापाने मुलाला इंजिनिअरिंगला टाकलं तर त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्यातल्या किती मालकांनी स्वतःच्या मुलाला आयटीआयची इलेक्ट्रिशियनची दोन वर्षं करायला लावली, तेही मोजा. बेल्ह्याशेजारी बांगरवाडीच्या समर्थ संकुलात आयटीआय, पॉलिटेक्निक आणि अभियांत्रिकी एकाच आवारात आहेत. आपली पोरं कोणत्या इमारतीत जातात ते सगळ्यांना माहीत आहे.

इंजिनिअरिंग वाईट, असं मुळीच म्हणायचं नाही. अवसरी खुर्दच्या शासकीय महाविद्यालयात शिकलेला मुलगा ड्राइव्हवर चालणारी मोटार का तापते ते समजावून देऊ शकतो, आणि आपल्यातल्या जुन्या उस्तादांना ते नुसतं वासावरून कळतं. दोघंही हवेत. तक्रार एवढीच की दहावीच्या सुट्टीत बापासमोर दोनच रस्ते मांडले जातात, आणि आयटीआयचा रस्ता पुढे बंद आहे असं गृहीत धरलं जातं. तो बंद नाही. दोन वर्षांचा आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीपासून मोजा: आयटीआयची दोन, पदविकेची दोन, पदवीची तीन, एकूण सात वर्षं. अकरावी-बारावीच्या वाटेने सहा. एका वर्षाचा फरक, आणि मधे कुठेही थांबावं लागलं तरी हातात एक प्रमाणपत्र आणि एक कसब. जागा थोड्या असतात, गुण लागतात, हे खरं. पण बारावीनंतर पदवीच्या दुसऱ्या वर्षात नापास होऊन घरी बसलेल्या मुलाच्या हातात काय असतं?

आणि आपल्याला घाई आहे, हे ध्यानात घ्या. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजना २०२४ मध्ये आली. बिबट्याच्या भीतीने रात्रीचं पाणी भरणं नको झालेल्या जुन्नर-आंबेगावात दिवसा चालणारा पंप कोणाला नको असेल? या पंपांना पाच वर्षांची हमी आहे. तोवर कंपनीचा माणूस येईल किंवा येणार नाही, पण २०२९ पासून ही खेप हमीतून बाहेर पडू लागेल आणि शेतकरी कंट्रोलर काखोटीला मारून आपल्याच दारात उभा राहील. एमपीपीटी म्हणजे काय हे ठाऊक नसलेला कारागीर तेव्हा स्टार्टरची नो-व्होल्ट कॉइल बदलत बसणार आहे का? यंदा आयटीआयला जाणारा पोरगा त्या वेळी तयार असेल. तो आपल्याकडे येईल की चाकणला जाईल, हे आज आपण त्याला काय देतो त्यावर ठरेल.

म्हणून मागणी आणि काम, दोन्ही एकदम. शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या आठव्या कलमात २०१४ च्या दुरुस्तीनंतर अशी तरतूद आहे की अनेक मालकांना स्वतः एकत्र येऊन किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण देता येतं. तीन-तीन माणसांची पाच दुकानं एकत्र आली तर ती पंधरा माणसांची धरणार की पाच वेळा अपात्र ठरवणार, हे शिकाऊ उमेदवारी सल्लागारांना लेखी विचारायचं आहे. तोंडी उत्तर नको, सही-शिक्क्याचं हवं. नकार आला तर तोही छापू.

त्यासाठी अर्जावर नावं हवीत. ज्यांची उद्यम नोंदणी नाही त्यांनी या आठवड्यात करून घ्यावी, तिला पैसे लागत नाहीत. ज्यांच्याकडे आत्ता पोरगं काम करतं त्यांनी त्याला तारखेनिशी अनुभवाचा दाखला द्यावा, लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर, शिक्का मारून. पगार खात्यावर टाकायला सुरुवात करावी. आणि सोमवारी बैलबाजाराला बेल्ह्यात येणाऱ्यांनी उद्यमची प्रत आणि दुकानाच्या सूचनेची पावती बरोबर आणावी. अर्ज आमच्या कार्यालयात भरून ठेवला आहे, सह्या बाकी आहेत.