किल्ट स्वस्त असू द्या, लेबल खरे हवे

किल्ट म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांचा चौकड्याचा, चुण्यांचा घागरा. एडिंबरोच्या रॉयल माइलवर पर्यटकांच्या दुकानात तो ३०-४० पौंडांतही मिळतो. त्याच शहरातला किल्ट शिवणारा कारागीर ४००-५०० पौंड किंवा त्याहून जास्त सांगतो. गिऱ्हाईक विचारते, चौकडा तोच, मग भावात एवढी तफावत का?

कारण कापड आणि हात. पारंपरिक किल्टला ८ वार कापड लागते, तेही जड आणि पीळदार लोकरीचे. पुढचा भाग सपाट, मागे चुण्या. प्रत्येक चुणी अशी घालायची की मागेही चौकडा तुटता कामा नये, आणि कंबरेकडे ती निमुळती करून हाताने टाचायची. कसलेल्या कारागिराचेही दोन-तीन दिवस यात जातात. खालची कड दुमडत नाहीत, मागावरचा काठच तेथे येतो. घेताना आधी हा काठ पाहावा. आत जादा कापड राखलेले असते, म्हणून पोट सुटले तरी किल्ट सैल करता येतो. बापाचा किल्ट मुलगा वापरतो तो यामुळेच.

स्वस्त मालात बहुधा ॲक्रिलिक असते, कापड कमी आणि शिलाई मशीनची. चुणी लवकर बसेनाशी होते. वर्षातून एखाद्या लग्नापुरता लागत असेल तर असला माल घेण्यापेक्षा भाड्याने आणलेला चांगला. तिकडे ती रीत सर्रास आहे. डेनिमचे, खिसेवाले नवे किल्ट निघाले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. ते जे आहेत तेच म्हणून विकले जातात.

स्वस्त किल्ट सियालकोटमध्येही शिवले जातात, आणि तिथल्या कारागिराला नावे ठेवायची पद्धत पडली आहे. ती मला मान्य नाही. फुटबॉल आणि शस्त्रक्रियेची हत्यारे जगाला पुरवणारे हे गाव. कारागीर मिळालेल्या दामाप्रमाणे शिवतो. दोष आहे तो माल कुठला हे न सांगता 'स्कॉटिश' म्हणून मोघम खपवणाऱ्या दुकानदाराचा. आपल्याकडे यंत्रमागाची शाल हिमरू म्हणून खपवतात, तेव्हा हातमागावर बसणाऱ्याच्या पोटावर असाच पाय येतो.

हॅरिस ट्वीड या कापडाला १९९३ च्या कायद्याचे संरक्षण आहे: ते आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरीच हाताने विणलेले हवे. किल्टला असे काही नाही. २००८ च्या कायद्याने टार्टनची सरकारी नोंदवही झाली, पण तीत चौकड्याची नोंद होते. कापड कशाचे आणि शिवले कोणी, हे तिचे काम नाही. हाताने किल्ट शिवण्याचा हुन्नर २०२१ साली ब्रिटनमधील धोक्यात आलेल्या कारागिरीच्या यादीत गेला.

कापड कशाचे, किती वार, कुठे शिवले, एवढे तीन शब्द लेबलावर सक्तीने यावेत. मग ४० पौंडांचा किल्टही खुशाल विका.