टीम बुडतेय, 'दादा'ला बोलवायचं का?

ट्रान्सफर विंडो जवळ आली की फुटबॉलवेड्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एक वाद ठरलेला असतो. आपली टीम तळाकडे घसरतेय, गोल होत नाहीयेत, कोचची खुर्ची डळमळतेय. तेवढ्यात कुणीतरी बातमी टाकतं की अमुक एक मोठा खेळाडू मोकळा आहे म्हणे. वय छत्तीस, किंवा सदतीस. झालं, लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, 'अनुभव आहे राव, डोळे झाकून घ्या.' दुसरी म्हणते, 'पेन्शन वाटायला क्लब काढलाय का?' मग रात्री दोनपर्यंत जुन्या गोलांचे व्हिडिओ आणि नव्या दुखापतींच्या बातम्या एकमेकांवर फेकल्या जातात.

गंमत म्हणजे या भांडणात दोन्ही पार्ट्या त्या खेळाडूबद्दलच बोलत असतात. त्याचं वय, त्याचे गुडघे, त्याचा पगार. ज्या टीममध्ये तो येणार, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दादाला जरूर बोलवावं, पण तो आल्यावर ड्रेसिंग रूममधल्या विशी-बाविशीतल्या पोरांचं काय होणार, याचं उत्तर क्लबकडे तयार असेल तरच. ते नसेल तर नाव कितीही मोठं असो, फक्त जर्सी विकल्या जातील.

या बाबतीत सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट एसी मिलानची आहे. २२ डिसेंबर २०१९, बर्गामो. अटालांटानं मिलानला ५-० असं धुतलं. युरोपियन कप सात वेळा जिंकलेला क्लब, आणि नाताळच्या सुट्टीला लागताना तो इटलीच्या लीगमध्ये चक्क अकराव्या नंबरवर होता. हंगामाच्या सुरुवातीलाच एक कोच हाकलून झाला होता. नवे आलेले स्टेफानो पिओली किती दिवस टिकतील, याची कुणालाच खात्री नव्हती. टीममध्ये गुणी पोरं होती, पण मॅच हातातून निसटायला लागली की ती एकमेकांकडे बघत राहायची. अशा वेळी पाच दिवसांत क्लबनं घोषणा केली की झ्लाटन इब्राहिमोविच परत येतोय.

तेव्हा त्याचं वय ३८ होतं. तो अमेरिकेतल्या एलए गॅलक्सीकडून खेळून येत होता. तिथं त्यानं ५८ सामन्यांत ५३ गोल केले होते खरे, पण अमेरिकेतली लीग आणि इटलीतले खडूस डिफेंडर यांत फरक आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याच्या गुडघ्याला दोन वर्षांपूर्वी मोठी दुखापत होऊन गेली होती. टीका होणारच होती आणि झालीही. मिलाननं मात्र एक शहाणपणा केला. करार फक्त सहा महिन्यांचा केला, पुढचं नंतर बघू असं म्हणून. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या मॅचला तो बदली म्हणून उतरला आणि ती ०-० सुटली. दुसऱ्या मॅचला सुरुवातीपासून खेळला आणि गोल केला. त्या अर्ध्या हंगामात त्यानं लीगमध्ये १० गोल केले. कोविडच्या सुट्टीनंतर रिकाम्या स्टेडियममध्ये लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा मिलान उरलेल्या बारा सामन्यांत एकदाही हरलं नाही. अकरावी टीम सहावी आली. पिओलींना काढायचं जवळपास ठरलं होतं, तर उलट त्यांचाच करार वाढला. पुढच्या हंगामात मिलान दुसरं आलं आणि सात वर्षांनी चॅम्पियन्स लीगमध्ये परतलं. आणि २२ मे २०२२ ला सासुओलोला ३-० हरवून अकरा वर्षांनी लीग जिंकली.

इथपर्यंत ही सिनेमासारखी स्टोरी वाटते. पण नीट बघा, जिंकलेल्या हंगामात इब्रानं लीगमध्ये आठच गोल केले होते. बऱ्याच मॅचेसना तो बेंचवर होता आणि गुडघा पार गेलेला होता. विजेतेपदानंतर तीनच दिवसांत त्याचं ऑपरेशन झालं. ती लीग जिंकून दिली ती मुख्यतः दुसऱ्यांनी. डावीकडून सुसाट धावणारा राफाएल लियाओ त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. इब्रा आला तेव्हा हाच लियाओ वीस वर्षांचा होता. गुणी, पण मॅचच्या मध्येच हरवणारा. सरावात पास चुकला की इब्रा कुणालाही सोडायचा नाही, मग समोर कोणी का असेना, हे त्याच्या सहकाऱ्यांनीच नंतर सांगितलं आहे. त्या पोरांना आजवर फक्त प्रेमानं समजावणारे किंवा हाकलून देणारे मोठे भेटले असावेत. 'तू चांगला आहेस, मग असा का खेळतोस?' असं तोंडावर विचारणारा आणि संध्याकाळी त्याच मैदानावर स्वतः गोल करून दाखवणारा मोठा पहिल्यांदाच भेटला.

याची किंमत कुणीच मोजली नाही असं नाही. इब्राच्या आधी मिलानची नऊ नंबरची जर्सी पोलंडच्या पिआन्तेककडे होती. वय २४. आदल्या वर्षी त्यानं गोलांचा पाऊस पाडला होता आणि त्या हंगामात मात्र त्याचा सूर हरवला होता. इब्रा आला आणि त्याच महिन्यात पिआन्तेक जर्मनीत विकला गेला. त्याला अजून सहा महिने द्यायला हवे होते का? कोण जाणे. दादा आला की एका पोराची खुर्ची जाते, हे मात्र खरं. म्हणूनच उरलेल्या चार पोरांचं त्यातून काही भलं होणार आहे का, हे आधी बघायला हवं.

आता याच्या बरोबर उलटी गोष्ट. ऑगस्ट २०२१. मॅंचेस्टर युनायटेड. आदल्या हंगामात ही टीम प्रीमियर लीगमध्ये दुसरी आली होती, ७४ पॉइंट आणि ७३ गोल. म्हणजे बुडत वगैरे नव्हती, फक्त एका पायरीवर अडकली होती. त्यात ख्रिस्तियानो रोनाल्डो परत आला. वय ३६. आपल्याकडे त्या रात्री स्टेटसना दुसरं काही नव्हतंच. कवानीनं स्वतःची सात नंबरची जर्सी काढून दिली. पहिल्याच मॅचला न्यूकॅसलविरुद्ध दोन गोल झाले. हंगाम संपला तेव्हा रोनाल्डोच्या नावावर लीगमध्ये १८ गोल होते. त्याच्याकडून यापेक्षा जास्त काय मागणार?

आणि टीम? ५८ पॉइंट, सहावा नंबर. केलेले गोल ५७, खाल्लेले गोलही ५७. लीगमधले १८ गोल एकटा करणारा माणूस आला आणि टीमचे एकूण गोल १६ नं घटले. मध्येच कोच ओले गुन्नार सोल्शार यांची नोकरी गेली. त्याच उन्हाळ्यात मोठी रक्कम मोजून आणलेल्या एकवीस वर्षांच्या जेडन सँचोला लीगमध्ये तीनच गोल करता आले.

याचं सगळं खापर रोनाल्डोवर फोडणं अन्यायाचं होईल. त्या क्लबला तेव्हा बाकीचेही आजार होतेच. पण पुढे उभं राहून प्रेस करणारी, चेंडू गेला की झडप घालणारी टीम बांधायची असेल, तर तिच्या टोकाला छत्तिशीतला माणूस उभा करून चालत नाही. ते काम मग बाकीच्या नऊ जणांना करावं लागतं, आणि चेंडू मिळाला की सगळ्यांची नजर आधी त्याच्याकडे जाते. मिलाननं इब्राला एक काम दिलं होतं. युनायटेडनं रोनाल्डोभोवती टीमच फिरवली आणि करार दोन वर्षांचा केला. दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध मॅच संपायच्या आधीच तो बोगद्यातून आत निघून गेला आणि नोव्हेंबरमध्ये क्लबही सुटला. इतक्या मोठ्या खेळाडूचा निरोप असा व्हायला नको होता, असं त्याच्या कट्टर विरोधकांनाही वाटलं असेल.

(जाता जाता एक. टर्फवर रविवारी सकाळी खेळणाऱ्या बहुतेक ग्रुपमध्ये एक काका असतात. पोट सुटलेलं, बूट जुने. ते पळत नाहीत. पण उभे अशा जागी राहतात की चेंडू आपोआप त्यांच्याकडे येतो, आणि 'अरे मागे बघ, मागे!' असं ओरडून चार पोरांची पोझिशन सुधारतात. हेच काका पेनल्टी, कॉर्नर, फ्री-किक सगळं आपणच घेणार म्हणाले, की पुढच्या रविवारी अर्धा ग्रुप येत नाही.)

आपल्याकडे तर या प्रयोगावर अख्खी लीग उभी राहिली. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा प्रत्येक टीमला एक मोठं, उतरणीला लागलेलं नाव हवंच होतं. दिल्लीकडे देल पिएरो, पुण्याकडे त्रेझेगे, मुंबईकडे अनेल्का आणि युंगबर्ग. लोक स्टेडियममध्ये यावेत म्हणून ते होतं आणि लोक आलेही, हे नाकारून चालणार नाही. पण देल पिएरोचा हंगामात एक गोल झाला, युंगबर्ग दुखापतींतून बाहेरच आला नाही आणि मुंबई सिटी आठ टीममध्ये सातवी आली. एफसी पुणे सिटी तर आज अस्तित्वातच नाही.

२०१६ मध्ये मुंबईनं ३७ वर्षांच्या दिएगो फोर्लानला आणलं. हा मात्र खेळायला आला होता. अंधेरीत केरळविरुद्ध त्याची हॅटट्रिक ज्यांनी बघितली ते अजून त्याबद्दल बोलतात. मुंबई लीगमध्ये पहिली आली. सेमीफायनलच्या पहिल्या लेगला त्याला रेड कार्ड मिळालं, दुसऱ्या लेगला तो नव्हता, मुंबईला गोल करता आला नाही आणि सगळं संपलं. पुढच्या हंगामात फोर्लान नाही आणि मुंबई पुन्हा सातवी. म्हणजे एक सुंदर वर्ष मिळालं, मागे मात्र काहीच उरलं नाही.

त्यामानाने बार्थोलोम्यू ओग्बेचेचं नाव पोस्टरवर कमी झळकलं. मार्च २०२१, फातोर्डा, आयएसएलची फायनल. शेवटच्या मिनिटाला ३६ वर्षांचा ओग्बेचे चेंडूसाठी गोलकीपरशी झगडला, चेंडू मिळवला आणि स्वतः शॉट घेण्याऐवजी बिपिन सिंगकडे दिला. बिपिननं गोल केला आणि मुंबई पहिल्यांदा चॅम्पियन झाली. त्या एका पासमध्ये आम्हाला जे म्हणायचंय ते बरंचसं आलं. पुढच्या वर्षी हैदराबादकडून त्यानं १८ गोल केले आणि तीही टीम चॅम्पियन झाली. तेव्हा वय आडवं आलं नाही.

आणि आता आपल्या काळजाजवळचा विषय. सुनील छेत्री जून २०२४ मध्ये सॉल्ट लेक स्टेडियमवर डोळे पुसत देशाच्या टीममधून निवृत्त झाला. त्या अख्ख्या वर्षात भारत अकरा सामने खेळला आणि एकही जिंकला नाही. इकडे छेत्री बेंगळुरूकडून चाळिसाव्या वर्षी हॅटट्रिक करत होता. मग मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. शिलाँगमध्ये मालदीवला ३-० हरवलं. मुंबईचा राहुल भेके, गोव्याचा लिस्टन कुलासो आणि स्वतः छेत्री, असे तिघांचे गोल. मोबाइलवर ती मॅच बघताना कुणाला भरून आलं नाही? पण सहाच दिवसांनी बांगलादेशशी ०-०. जूनमध्ये हाँगकाँगकडून हार. मग मुंबईकर खालिद जमील कोच झाले आणि मध्य आशियातल्या स्पर्धेत छेत्रीशिवाय खेळून तिसरा नंबर काढला, तोही ओमानला पेनल्टीवर हरवून. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरसाठी छेत्री पुन्हा टीममध्ये आला. फातोर्डात आपण १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई कपाचं दार बंद झालं.

छेत्रीनं हाकेला ओ दिली, त्यात त्याचं काय चुकलं? चुकलं ते हाक मारणाऱ्यांचं. क्लब मोकळा स्ट्रायकर बाजारातून आणू शकतो, देशाच्या टीमला ती सोय नाही. तिला आपल्याच पोरांतून कुणीतरी घडवावा लागतो. आणि तो घडणार कुठे? आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात आणि त्यातला एक हमखास नऊ नंबरवर उभा असतो. भारतीय स्ट्रायकर विंगवर ढकलला जातो किंवा सत्तराव्या मिनिटाला उतरतो. वर्षानुवर्षं हेच चाललंय, आणि छेत्री गोल करत होता तोवर ते कुणाला टोचलं नाही. वीस वर्षं एकाच माणसानं भोक बुजवून ठेवलं की भिंतीला भोक आहे हेच विसरायला होतं.

त्यामुळे पुढच्या विंडोला आपल्या ग्रुपवर 'हा म्हातारा घ्यायचा का' हा वाद सुरू झाला, तर त्याचे जुने व्हिडिओ टाकण्याआधी त्या क्लबच्या गेल्या पाच मॅचच्या टीमशीट काढून बघा. नऊ नंबरच्या मागे बेंचवर कोण बसलंय, त्याचं वय काय आणि त्याला एकूण किती मिनिटं मिळाली. मग बोलू.