रोपे बरणीत, मुळे बाजारात

वनौषधींचा गौरव करण्यात आपला देश कोणास हार जाणारा नाही. सभासंमेलनांतून आयुर्वेदाचा जयघोष होतो, दुकानांतून चूर्णांची आणि आसवांची आरास वाढते, आणि निसर्गोपचाराचा उपदेश तर सुशिक्षितांच्या घराघरांत नित्याचा झाला आहे. परंतु ज्या रानातून ही मुळे, साली आणि कंद येतात त्या रानात मागे काय उरते, हे विचारण्याची तसदी फारच थोडे लोक घेतात. तो प्रश्न आज विचारला पाहिजे. कारण ऊतिसंवर्धनाच्या, म्हणजे सर्वत्र ज्यास 'टिश्यू कल्चर' म्हणतात त्या तंत्राच्या रूपाने, विज्ञानाने त्याचे एक उत्तर आपल्या हाती दिले आहे. ते उत्तर मोलाचे खरेच. पण अर्धवट वापरले तर ते तितकेच फसवे ठरेल.

सर्पगंधेचेच पाहा. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर या मुळीच्या केलेल्या चाचणीचा वृत्तान्त ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला, आणि वैद्यांच्या बटव्यातील मुळी जगाच्या डोळ्यांत भरली. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून 'रेसरपिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. भारतीय वैद्यकास मिळालेला हा मान मोठा होता. त्याची किंमत मात्र सर्पगंधेने मोजली. मागणी मुळास होती, आणि मूळ उपटले की झुडूप संपते. १९९० पासून ही वनस्पती संकटग्रस्त जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टात जाऊन बसली आहे. कीर्तीचे असे फळ कोणाच्या वाट्यास न येवो!

आमच्या सह्याद्रीतील नरक्याची कथा याहून निराळी नाही. कर्करोगावर गुणकारी ठरलेले 'कॅम्प्टोथेसिन' १९६६ साली प्रथम एका चिनी वृक्षात सापडले. १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या भारतीय संशोधकांनी ते नरक्यातही असल्याचे दाखवून दिले. त्या द्रव्यापासून सिद्ध झालेल्या दोन औषधांना १९९६ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. तोवर ज्या झाडाच्या दुर्गंधामुळे लोक त्याच्या वाऱ्यास उभे राहत नसत, त्याच्या बुंध्यावर कुऱ्हाडी पडू लागल्या. या द्रव्यासाठी त्याची फळे वेचून भागत नाही. लाकूड, साल आणि मूळ लागते, म्हणजेच सबंध झाड लागते.

खरा मुद्दा हा आहे. आवळ्याचे किंवा हिरड्याचे फळ काढल्याने झाड मरत नाही. भीमाशंकरच्या परिसरातील महादेव कोळी पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आले आणि हिरड्याची झाडे उभीच राहिली. परंतु जेथे औषध मुळात किंवा सालीत असते, तेथे प्रत्येक मात्रेमागे एखादा जीव खर्ची पडतो. दशमुळांच्या काढ्याचे नावच मुळी दहा मुळांवरून पडलेले आहे. गावच्या वैद्याने आपल्या रुग्णापुरते मूळ खणून आणावे, यात रानाची हानी नव्हती. त्याच मुळांची पोती भरून शहरातील कारखान्यांकडे जाऊ लागली, तेव्हा जुना हिशेब मोडला.

येथेच ऊतिसंवर्धनाचे महत्त्व प्रकट होते. वनस्पतीचा एखादा सूक्ष्म भाग योग्य पोषण मिळाल्यास वाढू शकेल, ही कल्पना जर्मन भाषिक शास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ साली मांडली. १९५७ साली स्कूग आणि मिलर यांनी दाखविले की दोन प्रकारच्या संप्रेरकांचे प्रमाण बदलले की त्याच पेशींतून कधी मूळ फुटते, तर कधी कोंब. त्या ज्ञानाच्या बळावर आज सर्पगंधेच्या एका कोंबाचे टोक निर्जंतुक करून साखर, क्षार व संप्रेरके घातलेल्या आगरवर ठेवले, की त्याला अनेक कोंब फुटतात. ते पुनःपुन्हा विभागून नव्या बरण्यांत वाढविता येतात. ज्या सर्पगंधेच्या बियांची उगवण कमी आणि बेभरवशाची, तिच्या दृष्टीने ही केवढी सोय आहे! मूळ झुडपाचा जीव न घेता त्याची संतती वाढते.

या क्षेत्रात महाराष्ट्र मागे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, फुलण्यास कित्येक वर्षे घेणारा बांबू बरणीत फुलविण्यात आला आणि त्याचा वृत्तान्त १९९० साली जगन्मान्य नियतकालिकात झळकला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने सह्याद्रीतील दुर्मीळ कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे काम केले आहे. जळगावच्या शेतकऱ्यास तर टिश्यू कल्चरची ओळख करून द्यावयास नकोच. केळीच्या बागांनी ती केव्हाच करून दिली आहे.

परंतु केळीची बाग आणि सह्याद्रीचे रान यांत भेद आहे, आणि तो विसरण्यातच धोका आहे. बागाईतदारास सर्व झाडे एकसारखी हवी असतात. एकाच वेळी निसवणारी, एकाच वजनाचा घड देणारी. एका उत्तम रोपाच्या लक्षावधी प्रतिकृती हे तेथे यश होय. रानाचे सामर्थ्य याच्या नेमके उलट असते. अंबोलीचे नरक्याचे झाड महाबळेश्वरच्या झाडासारखे नसते, म्हणूनच एखादी कीड किंवा एखादा अवर्षणाचा फटका सर्वांना एकदम गारद करीत नाही. नरक्यात तर नरझाडे व मादीझाडे बहुधा वेगवेगळी असतात. एकाच झाडाच्या हजार प्रतिकृती डोंगरावर लावल्या तर हिरवळ दिसेल, पण बी धरणार नाही. त्यास वृक्षारोपण म्हणता येईल. संवर्धन म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट कष्टाची आहे. बरणीतील रोप दमट हवेत लाडावलेले असते. त्याच्या पानांवर पुरेसे मेणाचे आवरण नसते, त्याची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. ते बाहेरच्या उन्हावाऱ्यास सरावेपर्यंत सावलीत जपावे लागते. या टप्प्यावर पुष्कळ रोपे दगावतात. प्रयोगशाळेच्या अहवालात बरणीतील कोंबांची संख्या मोठ्या दिमाखाने दिली जाते. आम्हांस ती संख्या नको आहे. तीन पावसाळ्यांनंतर रानात किती झुडपे उभी आहेत, हा आकडा आम्हांस हवा आहे.

तिसरी आणि सर्वांत कठीण गोष्ट बाजाराची. शेतकऱ्याने रोप विकत घेऊन, पाणी घालून, मूळ भरेपर्यंत दीड-दोन वर्षे वाट पाहून सर्पगंधा पिकवावी, आणि व्यापाऱ्याने मात्र रानातून उपटलेली मुळी त्याहून स्वस्तात घ्यावी, असे चालले तर उत्तमातील उत्तम प्रयोगशाळाही निरुपयोगी ठरेल. रानातली मुळी स्वस्त असते, कारण तिच्या वाढीचा खर्च कोणीच दिलेला नसतो. आणि ती खणणाऱ्या आदिवासीच्या पदरातही त्यातले नाममात्रच पडते. २०२३ साली जैवविविधता कायद्यात दुरुस्ती होऊन लागवडीच्या औषधी वनस्पतींना बऱ्याच बंधनांतून मोकळीक मिळाली. लागवडीस उत्तेजन म्हणून हे योग्यच झाले. पण 'लागवडीचा माल' हा शिक्का रानातल्या चोरट्या मालावर बसू लागला, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. प्रत्येक संकटग्रस्त जातीची मातृरोपे एका झाडावरून न घेता निरनिराळ्या घाटांतील अनेक झाडांवरून घ्यावीत आणि प्रत्येकाची नोंद ठेवावी. रोपे सरावण्याच्या वाड्या शहरात न उभारता जंगलालगतच्या गावांत उभाराव्यात, आणि त्यांची मजुरी व मालकी ज्यांचा चरितार्थ रानावर चालतो त्यांच्याकडे असावी. औषध कारखान्यांनी मूळ आणि साल कोठून आणली हे वेष्टनावर छापावे, आणि लागवडीच्या मालाचा वाटा दरवर्षी वाढवीत नेण्याचे बंधन त्यांच्यावर असावे. प्रयोगशाळेस अनुदान द्यावे ते जगलेल्या रोपांच्या मोजणीवर.

यास खर्च येईल आणि काढ्याची बाटली थोडी महाग होईल, हे आम्ही जाणतो. परंतु आजची स्वस्ताई ही रानाच्या भांडवलातून दिलेली सूट आहे, आणि भांडवल खाऊन चालविलेली पेढी फार दिवस टिकत नाही, हे आमच्या व्यवहारदक्ष वाचकांस सांगावयास नको. ऊतिसंवर्धन ही त्या पेढीस मिळालेली मुदतवाढ होय. त्या मुदतीत रान सावरले नाही, तर उद्या सर्पगंधा आणि नरक्या बरण्यांत हिरवीगार दिसतील, आणि त्यांना परत लावावयास सह्याद्रीवर जागा उरलेली नसेल.