निवडलेले पिंप आणि सर्वांची बाटली

माझा एक जुना विद्यार्थी गेली अनेक वर्षे अमेरिकेत, केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी, नोकरीनिमित्त राहतो. त्याने मध्यंतरी पत्र पाठवून एक प्रश्न विचारला. त्याच्या मित्रमंडळाने एका दुकानदारामार्फत बर्बन व्हिस्कीचे एक संपूर्ण पिंप निवडून विकत घ्यावयाचे ठरविले आहे. त्या पिंपातील बाटल्यांवर मंडळाच्या नावाची चिठ्ठी लागेल. मात्र प्रत्येक बाटलीला त्याच कारखान्याच्या नेहमीच्या बाटलीच्या जवळजवळ दुप्पट पैसे पडतील. ‘सर, किंमत आणि मूल्य यांतील फरक तुम्ही आम्हांला शिकविलात, म्हणून विचारतो. मी यात वाटा घालावा काय?’ असे त्याने लिहिले होते.

मी स्वतः मद्य घेत नाही. मद्यपानाच्या बऱ्यावाईटाचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो स्वतंत्र आहे आणि येथे त्यात शिरण्याचा हेतू नाही. माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. एखादी वस्तू थोड्यांसाठी वेगळी काढली म्हणजे ती अधिक चांगली होते काय, आणि तशी ती काढली जात असता सर्वांसाठी उरलेल्या वस्तूचे काय होते, हा तो प्रश्न होय. तो कापडाला, शाळेला आणि रुग्णालयालाही लागू पडतो. येथे आपण तो मद्याच्या पिंपापुरताच पाहू.

प्रथम वस्तू समजून घेतली पाहिजे. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन म्हणवून घेणाऱ्या व्हिस्कीच्या धान्यात किमान 51 टक्के मका असावा लागतो. ती ओक लाकडाच्या, आतून जाळून कोळसा केलेल्या कोऱ्या पिंपातच मुरवावी लागते. त्यात रंग वा स्वाद घालता येत नाही. मक्याच्या जोडीला बहुतेक कारखाने राय हे धान्य व मोड आणलेले जव वापरतात. रायमुळे मद्याला एक मसालेदार तिखटपणा येतो. काही थोडे कारखाने रायऐवजी गहू घालतात. हीच गव्हाची बर्बन. तिची चव सौम्य व गोडसर मानली जाते. लोरेटो गावच्या ‘मेकर्स मार्क’ या मद्यात 70 टक्के मका, 16 टक्के गहू आणि 14 टक्के जव असतात. या परंपरेचे दुसरे घराणे लुईव्हिलजवळच्या ‘स्टिट्झेल-वेलर’ कारखान्याचे. तो 1935 साली सुरू झाला, ‘पॅपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ज्युलियन व्हॅन विंकल यांनी तो नावारूपास आणला, 1972 साली तो विकला गेला आणि 1992 साली त्याच्या भट्ट्या थंडावल्या. त्याचे ‘वेलर’ हे नाव 1999 साली फ्रँकफर्टच्या ‘बफेलो ट्रेस’ कारखान्याच्या मालकांकडे गेले.

आता पिंपाकडे वळू. एका पिंपात 53 गॅलन, म्हणजे सुमारे 200 लिटर मद्य मावते. केंटकीतील गोदामे अनेक मजली असतात. वरच्या मजल्यांवर उन्हाळा कडक, खालच्या मजल्यांवर गारवा. त्यामुळे एकाच दिवशी, एकाच धान्यापासून काढलेले मद्य वेगवेगळ्या मजल्यांवर वेगवेगळे मुरते. लाकूडही प्रत्येक पिंपाचे निराळे. शिवाय दर वर्षी काही टक्के मद्य हवेत उडून जाते. म्हणून पिंपापिंपांत फरक पडतो, हे निःसंशय खरे आहे.

या फरकाशी दोन प्रकारे वागता येते. पहिला प्रकार नेहमीच्या बाटलीचा. अनेक पिंपे एकत्र ओतावयाची, एकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने भरून काढावयाची आणि गेल्या वर्षी जी चव होती तीच याही वर्षी ग्राहकाच्या हाती पडेल असे पाहावयाचे. ‘मेकर्स मार्क’ने तर पिंपे वरच्या मजल्यावरून खालच्या मजल्यावर हलविण्याची खर्चिक पद्धत परंपरेने चालविली; हेतू हाच की कोणत्याही पिंपाच्या वाट्याला केवळ ऊन किंवा केवळ सावली येऊ नये. दुसरा प्रकार एका पिंपाच्या बाटलीचा. 1984 साली एल्मर टी. ली यांनी ‘ब्लँटन्स’ ही एकेका पिंपाची बर्बन बाजारात आणली. ती गव्हाची नव्हे. परंतु तिच्यापासून ही प्रथा रुजली. पुढे दुकाने, मद्यगृहे आणि हौशी मंडळे यांना दोन-चार पिंपांचे नमुने चाखून त्यांतील एक आपल्यासाठी राखता येऊ लागले. ‘वेलर’च्या 107 प्रूफच्या आणि ‘फुल प्रूफ’ बाटल्यांची अशी निवडक पिंपे विशेष प्रसिद्ध आहेत. ‘मेकर्स मार्क’ची खासगी निवड आणखी निराळी. तेथे मुरलेल्या मद्याच्या पिंपात पाच प्रकारच्या लाकडी फळ्यांपैकी एकूण दहा फळ्या गिऱ्हाइकाच्या पसंतीने घालतात. पाच प्रकारांतून दहा फळ्या निवडण्याचे प्रकार बरोबर 1001 होतात. गणिताची आवड असलेल्या वाचकांनी ते करून पाहावे. म्हणजे येथे निसर्गाने केलेला फरकही उरत नाही. फरक मागणीनुसार तयार करून दिला जातो.

मग या दोहोंत श्रेष्ठ कोणती? तुलना करताना बहुतेक जण एक साधी चूक करतात. निवडक बाटली सहसा अधिक तीव्र असते. ‘वेलर स्पेशल रिझर्व्ह’ या नेहमीच्या बाटलीत मद्यार्क 45 टक्के, तर ‘फुल प्रूफ’मध्ये 57 टक्के. जे अधिक तीव्र ते जिभेवर अधिक भरीव लागते, आणि त्याचे श्रेय पिंपाच्या निवडीला दिले जाते. वास्तविक 57 टक्क्यांच्या 750 मिलिलिटर बाटलीत पाणी घालून ती 45 टक्क्यांवर आणली तर 950 मिलिलिटर मद्य होते. म्हणजे सव्वापटीहून किंचित अधिक किंमत केवळ तीव्रतेची म्हणून रास्त ठरते. एका पिंपाची बाटली वेगळी भरण्याचा, वेगळी चिठ्ठी लावण्याचा खर्चही धरावा. त्यापुढे जी किंमत द्यावी लागते ती कशाची, हा खरा प्रश्न.

विद्यार्थ्याला मी एक प्रयोग सुचविला. मित्राकडे आधीच असलेली निवडक बाटली आणि त्याच कारखान्याची नेहमीची बाटली घ्यावी. पेल्यांवर केवळ आकडे असावेत. एक फेरी जशीच्या तशी आणि दुसरी फेरी पाणी घालून समान तीव्रतेची करावी. त्याने उत्तर कळविले. पहिल्या फेरीत सहाही जणांनी निवडक बाटली ओळखली. दुसऱ्या फेरीत तिघांनी नेहमीचीच अधिक आवडल्याचे सांगितले, आणि त्यांत पिंप निवडण्यात पुढाकार घेणारे गृहस्थ होते. सहा माणसांवरून सिद्धान्त मांडू नये हे मीच वर्गात सांगत आलो आहे. तरीही हा निकाल संख्याशास्त्राला सोडून नाही. पिंपांची गुणवत्ता सरासरीभोवती नेहमीच्या रीतीने विखुरलेली आहे असे धरले, तर तीन पिंपांतून उत्तम ते अचूक निवडले तरी अपेक्षित लाभ एका प्रमाण विचलनाहूनही कमी असतो. आणि चाखणाऱ्याची जीभ चुकली तर तेवढाही नाही. उलट शंभर पिंपे एकत्र केली की चढउतार एक दशांशावर येतो. निवडक बाटली कधी अप्रतिम निघेल, कधी सुमार. नेहमीची बाटली शब्द पाळते. एकीत आश्चर्य आहे, दुसरीत विश्वास आहे. आश्चर्य नको असे मी म्हणणार नाही. परंतु विश्वास ही कमी प्रतीची वस्तू आहे असे समजण्याचे कारण नाही.

तेव्हा उरलेली किंमत मुख्यतः दुर्मिळतेची आहे. फ्रेड हर्श या अर्थशास्त्रज्ञाने 1976 साली अशा वस्तूंचे विवेचन केले होते. त्यांचे मोल त्या दुसऱ्याजवळ नसण्यात असते; म्हणून उत्पादन वाढवून त्यांची टंचाई कधीच संपत नाही. एका पिंपातून साधारण दीडशे-दोनशे बाटल्या निघतात. एकशे एकाव्या गिऱ्हाइकाला बाटली मिळाली, दोनशे एकाव्याला मिळाली नाही. या न मिळण्यालाच भाव येतो. टंचाईचा मोह कोठवर जातो याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ऑरेगॉन राज्यात मद्याचा घाऊक व्यापार सरकारी मंडळाकडे आहे. तेथील काही वरिष्ठ अधिकाऱ्यांनी दुर्मिळ बर्बनच्या बाटल्या स्वतःसाठी बाजूला काढून ठेवल्याचे प्रकरण 2023 साली बाहेर आले. बाटल्यांचे पैसे त्यांनी दिले होते. पण रांगेत उभ्या असलेल्या सामान्य नागरिकाची संधी त्यांनी घेतली होती.

परंतु माझी मुख्य तक्रार किमतीविषयी नाही. हौसेला मोल नसते आणि ज्याला परवडते त्याने ते द्यावे. तक्रार अशी आहे की, निवडकांना जी माहिती मिळते ती सर्वांना नाकारली जाते. निवडक पिंपाच्या गिऱ्हाइकाला पिंपाचा क्रमांक, गोदाम, मजला, भरल्याची तारीख असे बरेच काही कळू शकते. नेहमीच्या ‘स्पेशल रिझर्व्ह’च्या बाटलीवर मात्र एके काळी सात वर्षे हे वय छापलेले असे, मागणी वाढू लागल्यावर तो आकडा नाहीसा झाला. वय छापले की तेवढी वर्षे थांबणे बंधनकारक होते. न छापले की बंधन सुटते. सामान्य वस्तूची घसरण बहुधा अशीच होते. वस्तू एकदम वाईट होत नाही; तिच्याविषयीचे एकेक वचन गुपचूप मागे घेतले जाते. आणि बोलके, जाणकार, खिसा असलेले ग्राहक तोवर निवडक पिंपाकडे वळलेले असतात, म्हणून ओरड करणारेही कोणी उरत नाही.

ओरड केली तर काय होते, हेही याच धंद्याने दाखविले आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘मेकर्स मार्क’ने मागणी पुरी होत नाही या कारणाने मद्यार्काचे प्रमाण 45 टक्क्यांवरून 42 टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. हिशेब सोपा होता: शंभर बाटल्यांच्या एकशे सात बाटल्या होणार होत्या. ग्राहकांनी इतका निषेध केला की सुमारे आठवड्याभरातच कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे ग्राहक जिंकले, कारण ते सर्व एकच बाटली पीत होते. प्रत्येकाचे पिंप निराळे असते, तर निषेध कोणी, कशाचा आणि कोणाच्या वतीने केला असता?

निवडीच्या सोहळ्यात आणखी एक पक्ष नजरेआड होतो. चिठ्ठीवर निवडणाऱ्याचे नाव असते, करणाऱ्याचे नसते. पिंप बांधणारा, गोदामात ते चढवून उतरविणारा, भट्टीवर रात्रपाळी करणारा, बाटल्या भरणारी स्त्री, यांच्या निवडीचे काय? बार्ड्सटाऊनची ‘हेवन हिल’ कंपनी ‘लार्सेनी’ व ‘ओल्ड फिट्झजेराल्ड’ या गव्हाच्या बर्बन बाजारात आणते. तेथील सुमारे 420 कामगारांनी 2021 साली जवळजवळ सहा आठवडे संप केला. आरोग्यविम्याचा खर्च आणि शनिवार-रविवार कामात ओढणारे नवे वेळापत्रक हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. जानेवारी 2025 मध्ये ‘ब्राऊन-फोरमन’ कंपनीने लुईव्हिलमधील आपला पिंपे बनविण्याचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे दोनशे दहा लोकांची कामे गेली. मुरणाऱ्या पिंपांवर केंटकीत दर वर्षी मालमत्ता कर बसतो. त्याचा पैसा कारखान्यांच्या आसपासच्या कौंट्या आणि तेथील शाळा यांच्याकडे जात आला आहे. 2023 च्या कायद्याने हा कर 2026 पासून टप्प्याटप्प्याने कमी होऊन 2043 साली पूर्ण संपावयाचा आहे. गोदामे गावातच राहणार, रस्ते गावाचेच वापरणार. गोदाम आणि मजला यांची एवढी आस्था बाळगणाऱ्या रसिकांनी ते गोदाम ज्या गावात आहे त्या गावाच्या शाळेचीही थोडी चौकशी करावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की, एका पिंपाची बाटली हा यंत्रवत एकसारखेपणाविरुद्धचा विरोध आहे, आणि समतेच्या नावाखाली तुम्ही साऱ्या चवी एका मापाच्या करावयास निघालात. हा आक्षेप मी हलका मानत नाही. वैविध्य हे सौंदर्यच आहे आणि चार मित्रांनी बसून एक पिंप निवडण्यात निर्मळ आनंद असू शकतो. परंतु समता म्हणजे एकसारखेपणा नव्हे. सर्वांच्या वाट्याला येणारी वस्तू चांगली, प्रामाणिक आणि उघड्या माहितीची असणे म्हणजे समता. तेवढे साधल्यावर वर ज्याला जी हौस करावयाची ती त्याने खुशाल करावी. आक्षेप आहे तो वैविध्याच्या आडून सामान्य वस्तूकडे दुर्लक्ष होऊ देण्याला.

विद्यार्थ्याला मी उत्तर लिहिले ते असे. वाटा घालण्यास हरकत नाही, पण तो आनंदासाठी घालतो आहेस, श्रेष्ठत्वासाठी नव्हे, हे मनाशी स्पष्ट असू दे. तुझ्या पिंपाबद्दल तुला जे जे सांगितले जाईल ते नेहमीच्या बाटलीवरही का छापत नाहीत, असे एक पत्र त्या कारखान्याला लिही. वय परत छापा, असेही लिही. मंडळातील सर्वांच्या सह्या घे. पिंप निवडण्यासाठी जी माणसे एकत्र येऊ शकतात, त्यांना एका पत्राखाली सह्या करणे जड जाऊ नये.

त्याचे उत्तर अजून यावयाचे आहे.