रिकामी मैदाने आणि तालमींचे संघ

२०२० च्या महामारीने फुटबॉल जवळजवळ सर्वत्र थांबविला. परंतु तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. १४ मार्च २०२० रोजी गोव्यात इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. पुढील सबंध हंगामही तेथेच रिकाम्या मैदानांवर पार पडला. दूरचित्रवाणी आणि धनिक मालक यांच्या बळावर हे साधले. कोल्हापुरातील पाटाकडील, खंडोबा, दिलबहार या तालमींच्या संघांना ती सोय कोठून असणार? पेठेची देणगी, स्पर्धेचे बक्षीस आणि शाहू स्टेडियमवरील गर्दी हाच त्यांचा आधार. तेथे प्रेक्षक हाच आश्रयदाता होय. म्हणूनच संकटकाळासाठी राखीव निधी सुकाळातच उभारला पाहिजे. सोलापूरच्या क्रीडासंस्थांनीही हा बोध वेळीच घ्यावा. टाळ्या वाजविणाऱ्या हातांनी त्यात आपला वाटा घालावा.