एसी बसवणारे आपण, विकणारे ते

जयंतीच्या वर्गणीसाठी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही वस्तीत फिरतो. दरवर्षी एक गोष्ट दिसते. बऱ्याच घरांत कमावता मुलगा दुपारी तर नसतोच, रात्री नऊलाही नसतो. "एसीच्या कामावर गेलाय," एवढेच त्याची आई सांगते. उन्हाळा हा त्याचा सीझन. १४ एप्रिलची मिरवणूक अर्ध्यावर आली की तो येऊन सामील होतो, अंगात कंपनीचाच टी-शर्ट, हातावर तांब्याच्या पाइपचे ओरखडे. आयटीआयमध्ये दोन वर्षे रेफ्रिजरेशनचा ट्रेड करून तो या धंद्यात आलेला असतो. आपल्या समाजातली पोरे या धंद्यात कमी नाहीत. ती कुठे आहेत, हा प्रश्न आहे. ती गच्चीवर आहेत, छज्ज्यावर आहेत, डक्टच्या आत आणि तळघरातल्या प्लांट रूममध्ये आहेत. ज्या टेबलावर त्या यंत्राचा सौदा होतो, तिथे मात्र ती नाहीत.

आम्ही म्हणजे पुणे-पिंपरी पट्ट्यात या धंद्यात दहा-पंधरा वर्षे काढलेले चार-पाच जण. बहुतेक सर्व्हिसमधले, एक जण विक्रीत. म्हणून हे ऐकीव लिहीत नाही.

विक्री म्हटले की लोकांना शोरूममधला दीड टनाचा एसी आठवतो. आम्ही बोलतोय ती विक्री वेगळी. हॉस्पिटल, हॉटेल, मॉल, आयटी कंपनीची इमारत, औषधाचा कारखाना. तिथे शेकडो टनांचे चिलर लागतात, आणि हॉटेल-हॉस्पिटलला गरम पाण्यासाठी हीट पंपही तोच माणूस विकतो. टन म्हणजे इथे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, ते हे माप: ताशी १२,००० बीटीयू, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. इमारतीला किती टन लागतील याचा हिशेब, हीट लोड, विक्री करणाऱ्या इंजिनिअरला मांडता यावा लागतो. पश्चिमेला काच किती, माणसे किती, दिवे आणि संगणक किती, बाहेरची ताजी हवा किती घ्यायची. हे गणित अवघड आहे, पण आयटीआय झालेला आणि दहा उन्हाळे मशीन उघडलेला मुलगा ते शिकू शकत नाही असे म्हणणाऱ्याने ते गणित कधी केलेले नसते.

हिशेब झाला की खरा खेळ सुरू होतो. इमारतीच्या मालकाने नेमलेला कन्सल्टंट स्पेसिफिकेशन लिहितो आणि त्यात कोणत्या कंपन्यांची मशीन चालतील याची यादी देतो. तिला धंद्यात मेक लिस्ट म्हणतात. त्या यादीत नाव आले नाही तर तुमचे मशीन कितीही चांगले असो, टेंडरच्या दारातच संपले. मग आर्किटेक्ट, मग परचेसवाला, मग मालकाचा मेहुणा. सहा महिने, कधी वर्ष जाते. या काळात कागद कमी आणि ओळख जास्त चालते. कोण कोणाच्या कॉलेजचा, कोण कोणाच्या सोसायटीतला, कोणाच्या घरच्या गणपतीला कोण जातो. याला कंपनीत "नेटवर्क" म्हणतात. आम्ही त्याला जात म्हणतो. पिढ्यान्पिढ्या ज्यांना बिल्डर, आर्किटेक्ट आणि कन्सल्टंट होण्याची मुभा होती, त्यांच्या दिवाणखान्यातच हे नेटवर्क विणले गेले. आमच्या वस्तीत जन्मलेल्या मुलाने ते आणायचे कुठून?

कोणी म्हणेल, हा न्यूनगंड आहे, बाजाराला जात कळत नाही. बाजाराला जात कळते की नाही, हे बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःच्या अंगावर पाहिले आहे. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईत आल्यावर, सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी, त्यांनी शेअर-रोख्यांवर सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. सल्ला चांगलाच असणार. पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि धंदा बंद पडला. माल तोच, भाव तोच, फक्त विकणाऱ्याची जात कळली. २००७ मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त नावे वेगळी असलेले अर्ज पाठवून पाहिले. दलित नावांना बोलावणे कमी आले. तो माणूस तर अजून खुर्चीसमोर बसलाही नव्हता, तोंडही उघडले नव्हते. मग "कम्युनिकेशन स्किल" कुठे तपासले?

आता आमच्याच एका साथीची गोष्ट. एका खासगी हॉस्पिटलचे ऑपरेशन थिएटर दुपारी दोननंतर गारच होत नव्हते. कंपनीने तीन वेळा गॅस तपासला, फिल्टर बदलले. आमचा साथी सर्व्हिसला गेला. त्याने मशीनला हात लावण्याआधी ड्रॉइंग मागितले. थिएटरला बाहेरची ताजी हवा सतत घ्यावी लागते आणि ती गार करून कोरडीही करावी लागते. तो भार मूळ हिशेबात अर्धाच धरला होता, आणि पश्चिमेची काच तर कोणी मोजलीच नव्हती. त्याने वहीच्या पानावर आकडे मांडून डॉक्टरांना समजावले. डॉक्टरांना पटले. पंधरा दिवसांत जादा मशीनची ऑर्डर आली. ती ऑर्डर ज्याने मूळ हिशेब चुकवला त्याच विक्री अधिकाऱ्याच्या खात्यावर लागली, इन्सेंटिव्हसह. पुढे आमच्या साथीने विक्री विभागात बदली मागितली. मॅनेजर हसून म्हणाले, "तुझा हात चांगला आहे रे, तू फील्डलाच बरा."

हात चांगला आहे! वहीच्या पानावरचे आकडे हाताने सुचले होते काय? जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये मांडले. काही माणसांना हात ठरवायचे आणि काहींना डोके, हीच ती विभागणी. आज तिला फील्ड आणि ऑफिस म्हणतात.

आपल्या चळवळीला ही लढाई नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त मजुरी विणकाम खात्यात होती आणि तेच खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, सवर्ण कामगार बाटतील. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी आग्रह धरला की हे खाते आपल्या लोकांना खुले करण्याची मागणीही संपाच्या मागण्यांत आली पाहिजे. वर्गाची भाषा बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी ती उत्साहाने उचलली नव्हती. दहा वर्षांनी, १९३८ मध्ये, मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. त्याच भाषणात आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच म्हातारा होतो, याचाही हिशेब मांडला होता. गँगमनच्या जागी आम्ही टेक्निशियन वाचतो.

आता आपल्यातल्याच काही मित्रांचा आक्षेप. ते म्हणतात, विक्री म्हणजे दलाली, भांडवलदाराचा माल खपवणे. आपली पोरे सेल्समन व्हावीत याला चळवळ म्हणायचे का? आक्षेप पोकळ नाही. टार्गेटच्या मागे धावणारा माणूस कसा होतो ते आम्ही जवळून पाहतो. आणि त्यात आपल्या माणसाला आणखी एक काच. चिलर सुरू करायच्या दिवशी कॉम्प्रेसरवर कुंकवाचे स्वस्तिक काढतात, नारळ फोडतात, आणि ही पूजा मांडणे विक्री अधिकाऱ्याचेच काम समजले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या माणसाने काय करायचे? आमचा विक्रीतला साथी पेढे आणतो, नारळ आणत नाही. पहिल्या वर्षी परचेसवाल्याने विचारले, "तुमच्यात करत नाहीत का?" त्या "तुमच्यात"चा अर्थ दोघांनाही कळला. पुढची ऑर्डर गेली. पूजेमुळेच गेली असे सिद्ध करता येणार नाही, आणि हीच या भेदभावाची सोय आहे.

तरीही ते टेबल सोडायचे नाही असे आम्ही का म्हणतो? इन्सेंटिव्हसाठी नाही. शेवटच्या सुटीसाठी.

सौदा पक्का होत आला की खरेदीदार म्हणतो, अजून दोन टक्के सोडा. मशीनची किंमत कारखान्याने ठरवलेली. तांबे बाजारभावाने येणार. कंपनी नफा सोडणार नाही. मग दोन टक्के निघतात कुठून? कोटेशनच्या तळाशी एक ओळ असते, इन्स्टॉलेशन. मजुरी, परांची, दोर, पट्टा, सगळे त्या एका ओळीत. तिथे काट मारली जाते. गार खोलीत, चहा पिता पिता, अर्ध्या मिनिटात. ते काम उपठेकेदाराकडे जाते, तो आणखी काटतो, आणि मे महिन्यात तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर आपला मुलगा परांचीशिवाय उभा राहतो, एका हाताने आउटडोअर युनिट धरून.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या ओळखीतला असाच एक मुलगा पडला. तेवीस वर्षांचा. वाचला, पण कंबर गेली. उपठेकेदार म्हणाला, पोरगा बेफिकीर होता. कंपनी म्हणाली, तो आमच्या पटावर नाही. दोघांनीही कोटेशनचा कागद दाखवला नाही. आम्ही तो मिळवला. परांचीची रक्कम पहिल्या कोटेशनमध्ये होती, तिसऱ्यात नव्हती.

इथे आम्हाला आमचेही काही कबूल केले पाहिजे. विक्रीतल्या आमच्या साथीने, तो नवा असताना, अशीच काट एकदा स्वतः मारली होती. ऑर्डर जाईल, नोकरी जाईल या भीतीने. त्या साइटवर कोणी पडले नाही हा योगायोग. आपला माणूस टेबलावर बसला की सगळे सुधारेल, असे म्हणणारे आम्ही नाही. पण ज्याचा भाऊ छज्ज्यावर उभा आहे त्याला ती काट मारताना हात थरथरतो, एवढे आम्ही खात्रीने सांगतो. ज्याचा कोणीच तिथे नाही, त्याला ती फक्त एक ओळ दिसते.

खासगी क्षेत्रात आरक्षण ही मागणी आम्ही सोडलेली नाही. संविधानाचे कलम १६(४) सरकारी नोकऱ्यांपुरते आहे, आणि सरकारी नोकऱ्याच आटत चालल्या आहेत, हे वेगळे सांगायला नको. पण सरकार खरेदीदार आहेच की! केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून ४ टक्के खरेदीचे उद्दिष्ट लिहिलेले आहे. केंद्र सरकारच्या हॉस्पिटलांत, कार्यालयांत, सार्वजनिक कंपन्यांत वातानुकूलनाची जी कामे निघतात, त्यांत हे ४ टक्के कुठे गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारायला आपल्यातल्या किती संघटनांना सुचले? पुतळ्याच्या उंचीवर आपण महिनोन्महिने भांडतो. भांडू नये असे नाही. पण एक अर्ज इकडेही टाकावा.

आणि नवे दार उघडते आहे. ओझोन थराला घातक आर-२२ गॅस हटवला जातो आहे, तापमानवाढ करणाऱ्या वायूंनाही किगाली करारानुसार टप्प्याटप्प्याने कात्री लागणार आहे. त्यांच्या जागी येणारा आर-३२ किंचित ज्वलनशील आहे, तो हाताळायला शिकलेला माणूस लागतो. केंद्राच्या २०१९ च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये एक लाख टेक्निशियनना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट होते. चांगले आहे. पण पुन्हा टेक्निशियनच. हीट लोड, टेंडर वाचणे, दर काढणे हे त्याला कोणी शिकवणार नाही.

म्हणून आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी सकाळी वर्ग सुरू केला आहे. वंदना झाली की फळा लागतो. सुरुवातीला बारा मुले होती, सीझन सुरू झाला की चार उरतात, कारण रविवारीही कॉल येतात. हे असेच चालणार. ज्याने हॉस्पिटलच्या डॉक्टरांना वहीवर आकडे मांडून दाखवले, तोच शिकवतो. पहिला धडा हीट लोडचा नाही. पहिल्या दिवशी तो तीन कोटेशन फळ्याशेजारी लावतो, पहिले, दुसरे, तिसरे, आणि मुलांना विचारतो, यातून काय गायब झाले ते शोधा.

विक्रीतला साथी आता परांची आणि पट्ट्याची रक्कम वेगळ्या ओळीत लिहितो आणि समोर टाकतो, "यात सूट नाही." गेल्या तिमाहीत यावरून एक ऑर्डर गेली. मॅनेजरने कारण लेखी मागितले. त्याने लेखी दिले, आणि त्याची एक प्रत विहारातल्या फळ्याशेजारी लावली आहे.