पदवीची हुंडी सकारणार कोण?



दिवाळीनंतर एके सायंकाळी आमचे जुने स्नेही, कापडाचे व्यापारी अण्णा, कन्येसह घरी आले. कन्या फिजिओथेरपीची पदवीधर. एका सल्लागाराने तिला सुचविले होते की, कायरोप्रॅक्टिकचा अल्प मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा, म्हणजे ऑस्ट्रेलियात व्यवसायाचा मार्ग मोकळा होईल. शुल्काचा पहिला हप्ता आठवड्याभरात भरावयाचा होता. तो दुकानाच्या कॅश क्रेडिटमधून उचलावा की स्वतंत्र शैक्षणिक कर्ज घ्यावे, एवढेच अण्णांना विचारावयाचे होते.

मी म्हटले, “अण्णा, कर्जाचे मागाहून पाहू. ही पदवीची हुंडी तिकडच्या पेठेत सकारणार कोण, ते आधी सांगा.”

हुंडी लिहिणाऱ्याचे अक्षर कितीही सुंदर असो, ज्या पेढीवर ती लिहिली त्या पेढीने सकारल्याखेरीज रुपया हाती पडत नाही, हे आपल्या समाजाला शिकवावयास नको. परदेशी व्यवसायाच्या बाबतीत मात्र आपण पदवी देणाऱ्याकडे पाहतो आणि ती स्वीकारणाऱ्याची चौकशी करावयाचे विसरतो.

कायरोप्रॅक्टिक ही पाठीचा कणा व सांधे हातांनी हाताळून उपचार करण्याची पद्धती. अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी 1895 मध्ये तिचा आरंभ केला. आपल्याकडे तिच्यासाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. ऑस्ट्रेलियात मात्र ‘कायरोप्रॅक्टर’ हे नामाभिधान कायद्याने संरक्षित आहे. नोंदणीवाचून ते लावणाऱ्यास 60,000 ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कठोर वाटेल. परंतु मान चुकीच्या रीतीने हाताळली गेल्यास मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस इजा पोहोचून, क्वचित का होईना, पक्षाघात ओढवतो. परक्याच्या देहाला हात लावण्यापूर्वी अधिकार तपासला जावा, यात अहिंसा मानणाऱ्यांनी तरी गैर मानू नये.

परदेशात शिकलेल्यांची पात्रता तेथे ‘कौन्सिल ऑन कायरोप्रॅक्टिक एज्युकेशन ऑस्ट्रेलेशिया’ ही संस्था तपासते. पहिला टप्पा कागदपत्रांच्या छाननीचा: अभ्यासक्रम किती वर्षांचा, विषय कोणते, प्रत्यक्ष रुग्णांवर काम किती, शिक्षणसंस्थेला मान्यता कोणाची. शिक्षणच अपुरे ठरले तर प्रवास येथेच थांबतो. दुसरा टप्पा लेखी परीक्षेचा. तिसऱ्यात परीक्षकांसमोर रुग्णाची विचारपूस, तपासणी, निदान आणि उपचार करून दाखवावे लागतात. प्रत्येक टप्प्याचे शुल्क निराळे.

एवढे पार पडले तरी व्यवसायाची अनुज्ञा मिळत नाही. ती ‘कायरोप्रॅक्टिक बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलिया’कडे नोंदणी झाल्यावरच मिळते. तेथे इंग्रजीचे प्रावीण्य, फौजदारी पूर्वेतिहास, अलीकडच्या काळातील प्रत्यक्ष काम आणि व्यावसायिक दायित्वाचा विमा यांची पडताळणी होते. व्हिसाचा अर्ज आणखी वेगळ्या खात्याकडे. त्यासाठी लागणारे कौशल्य-मूल्यमापन वर सांगितलेलीच परिषद करीत असल्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, मालमत्तेचे मूल्यांकन झाले म्हणजे कर्ज मंजूर झाले असे नव्हे, आणि मंजुरीपत्र मिळाले म्हणजे रक्कम खात्यात जमा झाली असेही नव्हे. अण्णांच्या सल्लागाराने या तिन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसविल्या होत्या.

फाइल चाळताना आणखी एक चिठ्ठी सापडली. रुग्णालयातील प्रशिक्षणाचे तास पत्रात ‘थोडे वाढवून’ घ्यावेत, अशी सूचना तीत होती. मी ती अण्णांपुढे ठेवली. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, हे नित्य स्वाध्याय करणाऱ्या अण्णांना मी काय सांगावे? त्यांनीच चिठ्ठी फाडली. व्यवहाराच्या दृष्टीनेही हा मार्ग आत्मघाताचाच. खोटा दस्तऐवज उघडकीस आल्यास ऑस्ट्रेलियाचा व्हिसा नाकारला जातो आणि सामान्यतः तीन वर्षे पुन्हा मिळत नाही. पदवी खरी असूनही माणूस खोटा ठरतो.

त्याच रात्री मुलीने सल्लागाराला एकच प्रश्न लेखी विचारला: हा अभ्यासक्रम त्या परिषदेच्या पहिल्या टप्प्यासाठी ग्राह्य असल्याचा आधार कोणता? उत्तर आले, “आधी जागा निश्चित करा, मग पाहू.” हप्ता भरला गेला नाही.

माझी वाचकांना विनंती एवढीच. मुलामुलींच्या शिक्षणासाठी दुकानाचे भांडवल हलविण्यापूर्वी त्या देशात पात्रता कोण तपासते, नोंदणी कोण देते आणि व्हिसाच्या अटी काय आहेत, हे त्या त्या अधिकृत संस्थेलाच विचारावे. उत्तर लेखी घ्यावे. मध्यस्थाला मोबदला प्रवेशाचा मिळतो; नोंदणी नाकारली गेली तर कर्जाचे हप्ते आपल्याच खात्यातून जातात.

अण्णांची कन्या सध्या ‘ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपी कौन्सिल’साठी कागद जमवीत आहे. तेथेही छाननी, लेखी परीक्षा आणि प्रात्यक्षिक आहेच. यशाची हमी कोणी दिलेली नाही. परंतु पाया तिच्या स्वतःच्या पदवीचा आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “काका, नव्या प्रमाणपत्राच्या नादात मी माझी साडेचार वर्षे हिशोबातच धरली नव्हती.”